दृष्टी, श्रवण आणि तोल यांचे नेहमीचे विकार : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंग आणि जी.एन.एम.च्या विद्यार्थ्यांना डोळ्यांच्या किंवा कान-नाक-घशाच्या वॉर्डात पोस्टिंग लागले की दरवर्षी साधारण हेच प्रश्न येतात. ते येथे सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने घेतले आहेत. रुग्ण पुस्तकातल्या नावाने तक्रार सांगत नाही. तो ‘बुबुळावर फूल पडलंय’, ‘कान फुटलाय’, ‘घेरी येते’ असे म्हणतो, आणि हे शब्द बहुतेक वेळा सर्वांत आधी ऐकते ती नर्स. त्यामुळे उत्तरांत रुग्णाच्या शब्दांना मुद्दाम जागा दिली आहे.

प्र. १. रुग्ण ‘नीट दिसत नाही’ म्हणतो. दोष चष्म्याचा आहे की डोळ्याच्या आजाराचा, हे नर्सला ओळखता येते का?

निदान करता येत नाही, पण पहिली चाळणी लावता येते. जाड काळ्या कागदाला साधारण एक मिलिमीटरचे छिद्र पाडून रुग्णाला त्यातून नजर तपासण्याचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगावे. छिद्रातून खालच्या ओळी वाचता आल्या, तर दोष बहुधा किरण एकवटण्यातला, म्हणजे चष्म्याने सुटणारा असतो. छिद्रातूनही फरक पडला नाही किंवा उलट अधिक धूसर दिसले, तर नेत्रभिंग (डोळ्यातील भिंग), दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा) किंवा दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) यांच्या आजाराचा संशय घ्यावा. निकटदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि अंतर्गोल भिंग लागते; दूरदृष्टितेत ती पलीकडे पडते आणि बहिर्गोल भिंग लागते; चाळिशीत नेत्रभिंगाची लवचीकता कमी झाल्याने जवळचे वाचता येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. सत्तरीतले आजोबा ‘आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो’ असे आनंदाने सांगतात, तेव्हा बऱ्याचदा मोतीबिंदूमुळे भिंगाचा मध्यभाग घट्ट होऊन डोळा निकटदृष्टीकडे सरकलेला असतो. रक्तातील साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो. म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये, असे मधुमेही रुग्णाला सांगितले जाते.

प्र. २. केसपेपरवर लिहिलेल्या ६/६० चा अर्थ काय, आणि ‘अंधत्व’ कुठून धरतात?

वरचा आकडा रुग्णाचे तक्त्यापासूनचे अंतर मीटरमध्ये सांगतो आणि खालचा आकडा निरोगी डोळ्याला तीच ओळ किती अंतरावरून वाचता येते ते सांगतो. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवरून वाचावे लागते, त्याची दृष्टी ६/६०. वरचे अक्षरही वाचता आले नाही, तर अनुक्रमे बोटे मोजणे, हाताची हालचाल ओळखणे आणि प्रकाशाची जाणीव तपासून तसे नोंदवतात. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे, आधी उजवा मग डावा, आणि रुग्णाचा नेहमीचा चष्मा असेल तर त्यासह व त्याविना तपासावा. डोळा झाकताना रुग्णाने तळहाताची वाटी करावी. बोटांच्या फटीतून पाहणारे रुग्ण प्रत्येक बॅचला भेटतात.

भारतात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टीला अंधत्व म्हणत. २०१७ मध्ये ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेशी जुळवून, चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी, अशी करण्यात आली. जुन्या पुस्तकातला आकडा परीक्षेत लिहिला जातो तो यामुळे.

प्र. ३. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत नेहमी घोटाळा होतो. कसे लक्षात ठेवावे?

दोन्ही नावांत ‘बिंदू’ असला तरी जागा वेगळी, यंत्रणा वेगळी आणि परिणामही वेगळा. मोतीबिंदूत पारदर्शक नेत्रभिंग गढूळ होते. नजर हळूहळू, न दुखता, सगळीकडूनच धूसर होते, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, आणि शस्त्रक्रियेने नजर परत मिळते. काचबिंदूत दृष्टिचेतेचे तंतू झडत जातात, बहुतेकदा डोळ्यातील दाब वाढल्याने. हा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. नजर कडेकडून जाते, मधली शाबूत राहते. त्यामुळे रुग्ण तक्ता ६/६ वाचतो, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. गेलेली नजर परत येत नाही. उपचाराने उरलेली राखायची असते.

‘मला तर काहीच होत नाही, मग रोज थेंब कशाला?’ हा काचबिंदूच्या रुग्णाचा प्रश्न याच यंत्रणेतून येतो. थेंब बंद केले तर आज काही जाणवणार नाही, आणि जाणवेल तेव्हा ते भरून निघणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगणे नर्सचे काम आहे.

प्र. ४. मग काचबिंदू कधीच दुखत नाही का?

वर सांगितलेला सावकाश वाढणारा प्रकार दुखत नाही. दुसरा प्रकार अचानक येतो: डोळ्यातील द्रवाचा निचरा होणारा कोन एकाएकी बंद होतो आणि काही तासांत दाब खूप चढतो. डोळा लाल, बुबुळ वाफाळलेल्या काचेसारखे, बाहुली अर्धवट मोठी व प्रकाशाला न आकसणारी, दिव्याभोवती रंगीत वलये, आणि त्याच बाजूला असह्य डोकेदुखीसह उलट्या. उलट्या व डोकेदुखी यांनाच महत्त्व देऊन अशा रुग्णाला पित्ताचे औषध दिले गेल्याची उदाहरणे अनुभवी नर्सना माहीत असतात. उलटी करणाऱ्या वयस्कर रुग्णाच्या डोळ्यांकडे एकदा टॉर्च टाकून पाहावे, इतकेच.

या रुग्णाला बाहुली मोठी करणारे थेंब, उदाहरणार्थ ॲट्रोपिन, घालायचे नसतात. दाब उतरवण्यासाठी शिरेतून मॅनिटॉल चालू असेल तर लघवीचे प्रमाण आणि हृदयाचा इतिहास पाहावा. दाब उतरवणाऱ्या असिटाझोलामाइडने बोटांना मुंग्या येतात, हे आधीच सांगितले तर रुग्ण घाबरत नाही.

प्र. ५. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, असे घरची माणसे म्हणतात. ते बरोबर आहे का? आणि ऑपरेशननंतर तो ‘परत’ येतो का?

पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता धूसर नजरेमुळे रोजची कामे अडू लागली की शस्त्रक्रिया करतात. फार पिकलेले भिंग फुगून किंवा झिरपून उलट दाब वाढवू शकते. शस्त्रक्रियेआधीच्या इतिहासात प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतले होते का, हे जरूर विचारावे. या औषधाने बुबुळामागचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडतो आणि सर्जनला आधी माहिती असेल तर तयारी करता येते.

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धूसर झाली, तर बहुधा कृत्रिम भिंगामागची मूळ पिशवी गढूळ झालेली असते आणि ती लेसरने थोड्या वेळात मोकळी करता येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मात्र वाढता ठणका, लाली आणि घटणारी नजर एकत्र आली, तर ती डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गाची खूण समजून त्याच दिवशी डोळे तपासले गेले पाहिजेत. ‘फोनवर वेदनाशामक सांगितले’ अशी नोंद त्या जागी चालत नाही.

प्र. ६. डोळ्यात एका वेळी दोन थेंब घातले तर गुण लवकर येतो का?

नाही. पापणीमागच्या खोबणीत जेमतेम एका थेंबाएवढीच जागा असते, म्हणून दुसरा थेंब गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात जाऊन रक्तात मिसळतो. खालची पापणी ओढून खोबणीत एक थेंब सोडावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, डोळा हलकेच मिटायला सांगून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि मलम नेहमी शेवटी लावावे.

कोपरा दाबणे ही केवळ परीक्षेतली पायरी नाही. टिमोलॉल हा काचबिंदूचा थेंब रक्तात गेल्यावर गोळीसारखाच वागतो: दमेकऱ्याला धाप लागते, नाडी मंदावते. डोळ्यांच्या थेंबांना ‘औषध’ न मानणारे रुग्ण इतिहासात त्यांचा उल्लेख करत नाहीत. म्हणून ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ यानंतर ‘डोळ्यांत, कानांत काही घालता का?’ हाही प्रश्न विचारावा.

प्र. ७. ‘डोळे आले’ आणि धोक्याचा लाल डोळा यांत फरक कसा करावा?

तीन प्रश्न पुरतात: नजर कमी झाली का, डोळा खुपण्यापेक्षा ठणकतो का, आणि उजेड सहन होत नाही का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, चिपडे किंवा पाणी येत असेल आणि घरात आणखी कोणाला तसेच झाले असेल, तर ती बहुधा साथ असते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात अशी मोठी साथ येऊन गेली. डोळ्यांत पाहिल्याने ती लागत नाही. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून लागते.

एका जरी प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. शेतकरी रुग्णाला उसाचे पान किंवा भाताचे तूस लागले होते का, हे विचारावे, कारण अशा जखमेतून बुबुळावर बुरशीचा व्रण होतो आणि दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब त्याला खतपाणी घालतात. व्रण भरल्यावर उरणारा पांढरा डाग म्हणजेच लोकांच्या बोलण्यातले ‘फूल’.

प्र. ८. मुलाच्या डोळ्यात तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटली. आधी नजर तपासावी की आधी धुवावे?

आधी धुवावे. डोळ्याच्या तपासणीत नजर सर्वप्रथम नोंदवायची, या नियमाचा हा ठळक अपवाद आहे. चुना तीव्र अल्कली असतो. आम्ल पृष्ठभागावरची प्रथिने गोठवून काही अंशी तिथेच थांबते, अल्कली मात्र पेशी विरघळवत आत शिरत राहते. घरी असतील तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवायला फोनवरच सांगावे. लिंबू, तूप, आईचे दूध काहीही घालू नये.

कॅज्युअल्टीत आल्यावर बधिरतेचा थेंब घालून सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटच्या बाटलीला आयव्ही सेट जोडावा, नळीचे टोक नाकाकडून कानाकडे धार जाईल असे धरावे आणि किमान अर्धा तास धुवावे. मुलाला चादरीत गुंडाळावे लागते, एकीने डोके धरावे, दुसरीने पापण्या. वरची पापणी उलटवून पाहिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही: चुन्याचे दाण्यासारखे कण तिथेच चिकटून बसतात आणि ते ओल्या बोळ्याने काढले नाहीत, तर कितीही धुतले तरी दाह चालूच राहतो. धुणे थांबवून पाच-दहा मिनिटांनी पीएच (आम्ल-अल्कलीचे प्रमाण) मोजणारी पट्टी पापणीमागच्या खोबणीत टेकवावी; ७ ते ७.४ च्या दरम्यान आला की मग नजर नोंदवावी. नाही आला, तर पुन्हा धुवावे.

प्र. ९. रुग्ण ‘पडद्याचा आजार’ म्हणतो, म्हणजे नेमके काय?

आधी कोणता पडदा, ते विचारावे. मराठीत डोळ्यालाही पडदा आहे आणि कानालाही. डोळ्याचा पडदा म्हणजे दृष्टिपटल, आणि त्याचे मधुमेहामुळे होणारे नुकसान सुरुवातीला काहीही त्रास देत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी पडदा तपासायचा, नंतर दरवर्षी. मधुमेही स्त्री गरोदर राहिली तर सुरुवातीच्या महिन्यांतच. ‘नजर चांगली आहे’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

डोळ्यांपुढे एकाएकी वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या माश्यांचा पाऊस पडणे आणि एका कडेने सावली सरकत येणे, ही पडदा निसटत असल्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाला उपाशी ठेवावे का, हे लगेच विचारून घ्यावे, कारण शस्त्रक्रिया त्याच दिवशी होऊ शकते. एका डोळ्याची नजर क्षणात, न दुखता पूर्ण गेली, तर पक्षाघाताइतकीच घाई करावी.

प्र. १०. लहान मुलांच्या बाबतीत वेगळे काय पाहावे?

मूल ‘दिसत नाही’ असे सांगत नाही, म्हणून वेळापत्रक पाळणे हाच उपाय. जीवनसत्त्व ‘अ’ ची पहिली मात्रा ९ व्या महिन्यात १ लाख युनिट, नंतर १६ ते १८ महिन्यांत २ लाख आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. एकूण ९ मात्रा. संध्याकाळी अडखळणारे मूल आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसला, तर ती प्रतिबंधाची नव्हे, उपचाराची वेळ आहे.

३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ चार आठवड्यांच्या आत दृष्टिपटलाच्या तपासणीला गेले पाहिजे, फार लहान बाळे त्याहूनही आधी. बाळ घरी सोडताना तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून आईकडून वाचून घ्यावी. तिरळेपणाला ‘नशीबवान’ म्हणून सोडू नये, आणि बाहुली पांढरी चमकत असल्याचे आईने सांगितले तर ते डोळ्यातील गाठीचे लक्षण असू शकते, तेव्हा पुढच्या ओपीडीची वाट पाहू नये.

प्र. ११. ऐकण्याच्या रिने आणि वेबर चाचण्या कशा समजून घ्याव्यात? पाठ केले तरी उलटे लिहिले जाते.

५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वापरतात. बहिरेपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत: आवाज आंतरकर्णापर्यंत पोहोचतच नाही तो वहनजन्य, म्हणजे मळ, फाटलेला पडदा, मध्यकर्णातील पाणी किंवा रिकिबीचे हाड घट्ट बसणे, आणि आवाज पोहोचतो पण आंतरकर्ण किंवा चेता तो घेत नाही, तो संवेदनजन्य. रिनेत काटा कानाबाहेर आणि कानामागच्या हाडावर धरून कुठे मोठा ऐकू येतो ते विचारतात. निरोगी कानाला बाहेरून मोठा येतो; वहनजन्य दोषात हाडावरून.

वेबरमध्ये काटा कपाळाच्या मध्यावर ठेवतात. ही चाचणी स्वतःवरच करून पाहावी: एका कानात बोट घालून गुणगुणले, की आवाज बंद केलेल्या कानातच मोठा येतो. म्हणजे वहनजन्य दोषात आवाज दोष असलेल्या कानाकडे जातो आणि संवेदनजन्य दोषात चांगल्या कानाकडे. एकदा बोट घालून पाहिलेला विद्यार्थी उत्तर उलटे लिहीत नाही.

फसवा अपवाद असा की एक कान संवेदनजन्य दोषाने पूर्ण गेला असेल, तर हाडावर ठेवलेला काटा कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जातो, रुग्ण ‘हाडावर मोठा येतो’ म्हणतो आणि दोष वहनजन्य असल्यासारखा भासतो. वेबर चांगल्या कानाकडे गेला, की हा घोटाळा उघड होतो. म्हणून दोन्ही चाचण्या जोडीनेच वाचायच्या.

प्र. १२. ‘कान फुटलाय’ म्हणणाऱ्या रुग्णाला काय विचारावे? तेल घातले तर चालते का?

स्राव किती आणि वास येतो का, हे विचारावे. सर्दीबरोबर वाढणारा, भरपूर, शेंबडासारखा, बिनवासाचा स्राव तुलनेने कमी धोक्याचा. थोडासाच, पण कुजका वास असलेला स्राव हाड खाणाऱ्या प्रकाराचा असू शकतो, आणि अशा रुग्णाला ताप, कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, चक्कर किंवा सततची डोकेदुखी यांपैकी काही झाले, तर संसर्ग मेंदूकडे सरकत असल्याची शंका घ्यावी. ‘थोडंसंच येतं’ हे दिलासा देणारे वाक्य नाही.

पडदा फाटलेला असताना तेल, मग ते लसणीत कढवलेले असो वा साधे, थेट मध्यकर्णात जाते. बाळाच्या टाळूवर तेल घालणाऱ्या आजीला कानाबद्दल समजावताना तिची सवय खोडून काढण्यापेक्षा ‘कान सोडून बाकी सगळीकडे’ असे सांगितलेले अधिक मानले जाते, असा आमचा अनुभव आहे.

प्र. १३. कानात थेंब घालताना आणि कान धुताना कोणत्या चुका होतात?

मोठ्या माणसाची कानाची पाळी वर व मागे ओढतात, तीन वर्षांखालच्या मुलाची खाली व मागे. थेंबाची बाटली आधी मुठीत धरून शरीराइतकी कोमट करावी आणि पाणीही ३७ अंशांचेच घ्यावे, कारण थंड किंवा गरम पाण्याने आंतरकर्णातील द्रव हलून रुग्ण गरगरू लागतो. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना रुग्णांची हीच तक्रार ऐकून त्यातून आंतरकर्णाची चाचणी उभी केली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पडदा फाटलेला असणे, पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा ऐकू येणारा तो एकच कान असणे, या स्थितींत धुऊ नये. चवळी, हरभरा, चिंचोका अडकला असेल तर पाण्याने तो फुगतो. जिवंत किडा असेल आणि पडदा शाबूत असेल तर आधी तेलाने तो मारून मग काढतात. बटणासारखी बॅटरी असेल तर पाणी किंवा थेंब काहीही न घालता तत्काळ तज्ज्ञाकडे न्यावे, ती काही तासांत ऊती जाळते.

प्र. १४. कोणत्या औषधांनी ऐकू येणे कमी होते, आणि नर्सने काय करायचे?

अमिकासिन, जेन्टामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिस्प्लॅटिन आणि वेगाने दिलेले फ्युरोसेमाइड ही नेहमीची नावे. फ्युरोसेमाइडची मोठी मात्रा शिरेतून मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जलद देऊ नये. कानात नव्याने आवाज येऊ लागला का, हे दर शिफ्टला विचारावे, कारण तो आवाज बहिरेपणाच्या आधी येतो. मूत्रपिंडाचे अहवालही पाहावेत. आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आले होते का, हा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारावा: अशी प्रवृत्ती आईकडून मुलांत उतरते आणि त्यात एखादी मात्राही पुरते. जेन्टामायसिनचा मार तोलावर अधिक पडतो, त्यासाठी प्र. १८ पाहावा.

प्र. १५. कमी ऐकू येणाऱ्या वयस्कर रुग्णाशी मोठ्याने बोलावे का?

ओरडू नये. वार्धक्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ, त यांसारखी व्यंजने हरवतात आणि स्वर उरतात. ओरडल्याने स्वरच वाढतात, शब्द उमगत नाहीत, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. रुग्णासमोर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसावे, मास्क असेल तर आधी खांद्याला स्पर्श करून लक्ष वेधावे, मध्यम आवाजात सावकाश बोलावे, आणि न कळलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावे.

एका मेडिसिन वॉर्डातील आजींच्या कागदावर सलग तीन शिफ्टना ‘असंबद्ध बोलते’ अशी नोंद होती. ‘जेवण झालं का?’ असे विचारले, तर ‘नातू पुण्याला असतो’ असे उत्तर. पोस्टिंगवरच्या विद्यार्थिनीला लॉकरच्या खणात रुमालात गुंडाळलेले श्रवणयंत्र सापडले. तपासणीसाठी काढून ठेवलेले, सेल संपलेले. नवा सेल घालून ते कानात बसवल्यावर आजींचे पहिले वाक्य होते, ‘तीन दिवस तुम्ही सगळ्या नुसते ओठ का हलवत होतात गं?’ तेव्हापासून भ्रमाची नोंद करण्याआधी कानातला मळ, यंत्र, सेल आणि चष्मा पाहायचा, असा आमचा शिरस्ता आहे.

प्र. १६. ‘चक्कर येते’ म्हणजे व्हर्टिगो (गरगरणे) असे लिहावे का?

लिहू नये, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि पुढे दोन प्रश्न विचारावेत. मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात निदान चार गोष्टी मावतात. ‘घर फिरतं’, ‘गरगरतं’ हे आंतरकर्ण किंवा मेंदूकडे बोट दाखवते. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘भोवळ येऊन पडलो’ हे रक्तदाब आणि हृदयाकडे. ‘चालताना झोक जातो’ हे चेता, लहान मेंदू किंवा दोन्ही आंतरकर्णांकडे. ‘डोकं हलकं, पोकळ वाटतं’ हे उपाशीपणापासून चिंतेपर्यंत कशाकडेही. ‘घेरी’ हा शब्द गावागणिक वेगळ्या अर्थाने येतो, म्हणून ‘वस्तू फिरतात की अंधारतं?’ असे विचारावेच.

शब्दावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण तोच रुग्ण तासाभराने वेगळा शब्द वापरतो. किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, ही दोन उत्तरे अधिक स्थिर असतात. कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी गरगर ही कानातील चुन्याचे सूक्ष्म कण अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळल्याने येते. ती डोके ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या एपली यांच्या कृतीने बरी होते. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारी, सोबत एका कानाला दडे बसणे, गुंजन आणि कमी-जास्त होणारे बहिरेपण असलेली, ही मेनियेर यांच्या नावाचा विकार. त्यात मीठ कमी करायचे, म्हणजे केवळ वरचे मीठ नव्हे तर पापड, लोणचे, खारवलेली मिरचीही. कित्येक दिवस सतत राहणारी, ऐकू येणे शाबूत असलेली, ही बहुधा तोलाच्या चेतेची सूज. उभे राहताच येणारी असेल तर पाच मिनिटे झोपवून आणि मग उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब घ्यावा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण तेच.

चक्करीच्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्यांपुरत्या ठीक. महिनोन् महिने घेतल्यास मेंदूला नव्याने तोल शिकायला अडथळा होतो.

प्र. १७. चक्कर कानाची नसून मेंदूची आहे, हे कधी समजावे? आणि बहिरेपणात अशी घाई कधी असते?

आधाराशिवाय बसताही येत नाही, एकाची दोन दिसतात, जीभ जड होते, गिळताना ठसका लागतो, एका बाजूचा हात नेम चुकवतो किंवा मानेत-डोक्यात नवीच तीव्र वेदना आहे, यांपैकी एक जरी असेल, तर पक्षाघात समजून ‘शेवटचे ठीक केव्हा होते?’ ही वेळ लिहून लगेच कळवावे. गुठळी विरघळवण्याच्या औषधासाठी साडेचार तासांची मर्यादा असते.

येथील विरोधाभास विद्यार्थ्यांना चकवतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णाला समोरच्या लक्ष्यावर नजर ठेवायला सांगून डॉक्टर त्याची मान झटक्यात वळवतात, तेव्हा नजर लक्ष्यावरून निसटून परत आली तर दोष कानाच्या बाजूचा. नजर अगदी ‘नॉर्मल’ खिळून राहिली, तर तेच काळजीचे. त्यामुळे हँडओव्हरमध्ये ‘चाचणी नॉर्मल’ एवढेच सांगणे धोकादायक ठरते.

बहिरेपणात घाईचा प्रसंग एकच, पण तो नेहमी हुकतो: सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येत नाही, दुखत नाही, रुग्णाला वाटते मळ साचला. कान तपासून मळ दिसला नाही, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि थेंब घालून पाहण्यात नेमके तेच दिवस जातात.

प्र. १८. रुग्णाला चक्कर अजिबात येत नाही, तरी रात्री तो पडतो. याचा कानाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. गरगर तेव्हा होते जेव्हा दोन कानांचे संदेश जुळत नाहीत. जेन्टामायसिनसारख्या औषधाने दोन्ही कान सारखेच गेले, तर गरगर होतच नाही. रुग्ण एवढेच सांगतो, की चालताना रस्त्यावरच्या पाट्या हलतात आणि अंधारात पाय ठरत नाही. तोल डोळे, आंतरकर्ण आणि पायांतून येणारी जाणीव या तिघांवर उभा असतो. एक गेला तर दोन सांभाळतात, दिवा मालवला की दुसराही जातो. डोळे मिटवून उभे करण्याची रॉम्बर्ग चाचणी हेच दाखवते. ती लहान मेंदूची चाचणी असल्याचे उत्तर चुकीचे आहे. मधुमेहाने पाय बधिर आणि मोतीबिंदूने नजर अधू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही बेरीज मनातल्या मनात करावी.

अशा रुग्णाला दिशा सांगण्याचे तंत्रही ठरलेले असावे. दृष्टिहीन रुग्णाचे ताट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावे असे पुस्तकात असते, पण आयुष्यभर पान वाढलेल्या आजींना ‘डावीकडे चटणी-लोणचे, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात’ एवढे पुरते, अट एकच की वॉर्डातल्या ताटातही तसेच वाढलेले असावे. चालवताना त्यांचा दंड धरून ढकलू नये. त्यांना आपल्या कोपराला धरू द्यावे आणि अर्धे पाऊल पुढे राहावे. रात्रपाळीच्या सुरुवातीला पलंग सर्वांत खालच्या पातळीवर आणावा, बाथरूमकडचा दिवा चालू ठेवावा, चप्पल पलंगाच्या त्याच बाजूला, टोके बाहेर करून लावावी, आणि बेल उशीखाली नव्हे तर हाताला बांधून, एकदा त्यांच्याकडून दाबून घ्यावी.